तळटीप : शंभर मायक्रोलिटरचे इंजेक्शन

१. ‘शंभर मायक्रोलिटर’ हा मुद्रणदोष नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. गॅस क्रोमॅटोग्राफीत एरवी एक-दोन मायक्रोलिटरच नमुना देतात. २५० अंश सेल्सिअसला तापलेल्या इनलेटमध्ये एक मायक्रोलिटर हेक्झेनची वाफ सुमारे दोनशेपट जागा व्यापते आणि आतल्या काचेच्या लायनरमध्ये जागा असते जेमतेम एक मिलिलिटर. जास्त घातले की उतू जाणाऱ्या दुधासारखी वाफ बाहेर पडून वायूच्या नळ्यांत शिरते. फोग्ट आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली २५० मायक्रोलिटरपर्यंत मजल मारली. त्यांच्या पद्धतीचे सार असे : इनलेट थंड ठेवून नमुना सावकाश सोडायचा, व्हेंटमधून द्रावक उडू द्यायचा, मग व्हेंट बंद करून झपाट्याने तापवायचे. पाण्यातली कीटकनाशके शोधताना अर्क आटवत बसण्याचा खटाटोप त्यामुळे बराच वाचतो. लेखकाने या पद्धतीचे जरा जास्तच कौतुक केले आहे. हेक्झेन ६९ अंशांना उकळते. त्याच्या आसपास उकळणारे घटक द्रावकाबरोबरच निसटतात. शिवाय द्रावकातली किंचितशी अशुद्धीही शंभरपट साचून आलेखावर स्वतःचे शिखर उभे करते, म्हणून नुसत्या द्रावकाची कोरी चाचणी आधी घ्यावी लागते. — संपा.