ओसरीवरचे वडील

एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या मराठी बायकांच्या आठवणी एकापाठोपाठ एक वाचत गेले, की एक गोष्ट लक्षात येते. आई, सासू, जावा, नवरा यांच्यावर पानेच्या पाने भरतात. वडील बहुधा आरंभीच्या काही पानांत भेटतात आणि मुलीच्या लग्नाबरोबर मागे पडतात. याचे कारण त्या त्या माणसाच्या कोरड्या स्वभावात शोधणे चूक आहे. दूर राहणे ही घराची रीत होती. ओसरी पुरुषांची, माजघर बायकामुलांचे. पुरुषांची पंगत आधी, बायकांची मागून. वडीलधाऱ्यांच्या देखत तरुण बापाने स्वतःचे मूल उचलून घेणे म्हणजे मर्यादा सोडणे. लेकाला निदान त्याच घरात वाढायला मिळे. मुंज, शाळा, व्यवहार अशा निमित्तांनी तो ओसरीवर यायचा आणि बापाशी बोलण्याइतका मोठा व्हायचा. लेकीला तेवढा अवधीच नव्हता. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न लागले, की बापाची ओळख होण्याआधी ती परघरची झालेली असे. माझे म्हणणे असे, की या रीतीने मुलींच्या मोठेपणावर एक ठरावीक छाप टाकली: आज्ञा हीच माया, आणि गप्प राहणे हाच तिला दिलेला प्रतिसाद, असे त्या शिकल्या.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. नवरा एकवीस वर्षांनी मोठा, आणि तोही स्वतःच्या वडिलांपुढे मान न उचलू शकल्यामुळे बोहल्यावर चढलेला. सासरी जाताना वडिलांनी मुलीला उपदेश केला. त्याचा आशय असा, की तिथे नाना तऱ्हेची माणसे असतील, सारे सोसायचे आणि घरातले गाऱ्हाणे नवऱ्याच्या कानावर घालायचे नाही. पुढे रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतले. त्या इंग्रजी शिकू लागल्या, सभांना जाऊ लागल्या, आणि घरातल्या बायकांनी टोमण्यांनी त्यांना भंडावून सोडले. रमाबाई सोसत राहिल्या आणि नवऱ्याजवळ बोलल्या नाहीत. वडिलांचा उपदेश एका मुलीने इतका मनावर घ्यावा, याचे एक कारण मला असे वाटते, की लेकीशी इतके मनापासून बोलण्याचे प्रसंग त्या काळच्या बापाच्या वाट्याला फार थोडे येत. जे विरळा मिळते ते जपले जाते. मग वडिलांची जागा नवऱ्याने घेतली. तोही गुरू, तोही वयाने बापासारखा. त्याच्या मर्जीतला लहानसा बदलसुद्धा ओळखण्याची सवय त्यांच्या लेखनात जागोजाग दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आजच्या मानसशास्त्राची फूटपट्टी त्या काळाला का लावायची? माया बोलून दाखवायची नसते, ती करून दाखवायची असते, असेच तेव्हा सारे मानत. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत राबून घरी मनिऑर्डर पाठवी आणि गणपतीला नाहीतर शिमग्याला चार दिवस येई. त्याला दूर लोटले ते पोटाने, स्वभावाने नव्हे. हे सगळे खरे आहे, आणि त्या बापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात मला रस नाही. पण हेतू निर्मळ असला म्हणून परिणाम पुसला जात नाही. शिवाय जवळीक ही त्या काळाला अनोळखी गोष्ट होती, असेही नाही. कल्याणच्या जोशांच्या घरी आई मारकुटी आणि वडील मायाळू होते. त्या घरची लेक आनंदीबाई जोशी यांनी ते अमेरिकेतल्या आपल्या स्नेह्यांना कळवले आहे. म्हणजे फरक मुलींना तेव्हाही कळत होता, आणि सांगण्याजोगा वाटत होता.

दुसरी बाजू १८८२ सालात पाहावी. त्या एका वर्षात पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असे सांगितले, आणि ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्र्यांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, तिने मुलीला. आणि मरणाच्या दारात वडिलांनी आपल्याला कसे कवटाळले, हे त्या मुलीने पुढे लिहून ठेवले. बुलढाण्याच्या बापूजी शिंदे यांनी ताराबाईंना स्वतः शिकवले. पुरुषांच्या तोंडावर सवाल टाकणाऱ्या या दोघींना घरातल्या पहिल्या पुरुषाने बोलू दिले होते. एवढ्यावरून नियम सिद्ध होत नाही, हे कबूल. पंडिता रमाबाई लहानपणापासून तीर्थोतीर्थी हिंडल्या, दुष्काळात पोरक्या झाल्या. त्यांना घडवणाऱ्या गोष्टी अनेक होत्या. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर उलटच जाते. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सारे घर जेरीस आले होते, तरी 'स्मृतिचित्रे'मधली मुलगी दबलेली नाही. ती नवऱ्याशी भांडते, हसते, हसवते. मात्र नीट पाहिले तर तीही एका लहरी पुरुषाच्या घरातून दुसऱ्या लहरी पुरुषाच्या घरी गेली, आणि त्याच्या न सांगता निघून जाण्याशी जुळवून घेत राहिली. विनोद हा तिचा मार्ग होता, रमाबाई रानड्यांचा मार्ग सहनशीलता. सगळ्या मुली एकाच साच्याच्या होत नाहीत. पण मोठ्यांची मर्जी सांभाळण्याचे काम दोघींच्याही वाट्याला लहानपणीच आले.

रमाबाई रानडे पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, म्हणून त्या सोसण्यानेच त्यांना बळ दिले, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बळ त्यांचे स्वतःचे होते. सोसण्याने ते उशिरा बाहेर आले. उपदेश ऐकला १८७३ च्या सुमारास. घरातले ते सारे ज्या पुस्तकात त्यांनी उघडपणे सांगितले, ते १९१० साली निघाले, आणि तोवर रानडे जाऊन नऊ वर्षे झाली होती.