सीएनसी राउटरवर कार्व्हिंगला फार वेळ लागतो? स्पीड वाढवण्याआधी हे तपासा

देव्हाऱ्याच्या दारावर वेलबुट्टी कोरायची आहे. सॉफ्टवेअर दीड तास दाखवते, मशीन मात्र तीन तास चालते. कंटाळून स्पीड वाढवला की बारीक बिट तुटतो आणि सागवानाची फळी वाया जाते. मग वेळ नेमका जातो कुठे?

स्टेपओव्हर : दोन शेजारच्या पासमधील अंतर म्हणजे स्टेपओव्हर. समजा, पॅनेल ६०० × ३०० मि.मी. आहे. स्टेपओव्हर ०.३ मि.मी. ठेवला तर १००० पास होतात, ०.६ ठेवला तर ५००. म्हणजे फिनिशिंगचा वेळ जवळपास निम्मा. पण बॉल नोज बिटने राहणाऱ्या धारींची उंची चौपट होते. ६ मि.मी. बिटला ०.६ स्टेपओव्हर दिल्यास सपाट भागावर ही उंची साधारण ०.०१५ मि.मी. असते, ती पॉलिश पेपरने सहज निघते. त्यामुळे नक्षी परवानगी देईल तेवढा मोठा बिट घ्या.

फीड आणि आरपीएम : दोन्ही एकत्र ठरवावे लागतात. सूत्र सोपे आहे : फीड = आरपीएम × बिटच्या धारा × प्रत्येक धारेने कापायची जाडी. १८,००० आरपीएम, २ धारा आणि ०.१ मि.मी. जाडी घेतली तर फीड ३६०० मि.मी. प्रति मिनिट येतो. लहान, हलक्या मशीनवर यापेक्षा कमी फीडपासून सुरुवात करा. चुऱ्याऐवजी पीठ पडत असेल किंवा लाकूड जळाल्याचा वास येत असेल, तर बिट कापण्याऐवजी घासतो आहे. अशा वेळी आरपीएम कमी करा किंवा फीड थोडा वाढवा.

ॲक्सिलरेशन : ३६०० फीड म्हणजे सेकंदाला ६० मि.मी. ॲक्सिलरेशन ५०० मि.मी. प्रति सेकंद वर्ग असेल, तर हा वेग गाठायलाच ३.६ मि.मी. अंतर लागते. बारीक पाकळ्यांमध्ये तेवढी सरळ जागाच नसते. म्हणून फीडचा आकडा कितीही वाढवला तरी वेळ फारसा घटत नाही. ॲक्सिलरेशन थोडे थोडे वाढवून बघा. मोटर स्टेप चुकवू लागली किंवा मशीन थरथरले, तर मागे या.

रफिंग : नक्षी खोल असेल तर आधी जाड एंड मिलने जास्तीचे लाकूड काढा आणि फिनिशिंगसाठी सुमारे अर्धा मि.मी. ठेवा. मग बारीक बिटवर भार येत नाही आणि तो वेगाने चालवता येतो.

किरकोळ बचत : क्लॅम्प आड येत नसतील तर सेफ झेड २० ऐवजी ५ मि.मी. ठेवा. पास पॅनेलच्या लांब बाजूने घ्या, म्हणजे वळणे कमी होतात.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि आधी टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्या. मशीन चालू असताना चष्मा आणि धुळीचा मास्क लावा, आणि जॉब संपेपर्यंत मशीनजवळच थांबा. घासून तापलेला बिट आणि शेजारी साठलेला भुसा यांतून आग लागू शकते.