कंपूतील मिश्रवंशीय : चाकरी, रक्त आणि विस्मृत माता

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आहे. ‘छावणी’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका विशिष्ट अर्थाने रूढ झाला. युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखालील कवायती फौज म्हणजे कंपू. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सॅव्हॉयच्या डी बॉईन यास चाकरीत घेऊन अशी फौज उभारली. तीत तेलंगे होते, नजीब होते. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच लष्कर हे शहर झाले.

या फौजेच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. युरोपीय पिता आणि हिंदी माता यांच्या पोटी जन्मलेल्या तरुणांना तिच्यात जागा का व कशी मिळाली, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमात क्वचितच येतो.

त्याचे पहिले उत्तर कलकत्त्यात सापडते. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये हिंदी मातेच्या मुलांना आपल्या मुलकी, लष्करी व आरमारी नेमणुका बंद केल्या. १७९५ मध्ये आणखी एक हुकूम निघाला. ज्याचे आईबाप दोघेही युरोपीय नाहीत, त्याला फौजेत बासरीवाला, नगारची, बँडवाला किंवा नालबंद एवढेच होता येई. मुलाचे शिक्षण किंवा धर्म विचारला जात नव्हता. आई कोण, एवढेच पाहिले जाई.

जेम्स स्किनर (१७७८–१८४१) हे याचे ठळक उदाहरण. पिता स्कॉटिश, कंपनीच्या फौजेतील अधिकारी, माता रजपूत. मुलींना शाळेत पाठवून पतीने पडदा मोडला, या दुःखाने मातेने १७९० मध्ये आत्महत्या केली, असे स्किनरने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. कंपनीचे दार बंद असल्याने तो शिंद्यांच्या कंपूत दाखल झाला. तिथे मनगट पाहिले जात होते. १८०० मध्ये उनियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी झाला, तो शिंद्यांचाच अधिकारी म्हणून.

मग कंपूत वंशभेद नव्हता, असे म्हणता येईल काय? १८०३ चे वर्ष या समजुतीला छेद देते. इंग्रजांशी युद्ध पेटताच डी बॉईननंतरचा सेनापती पेरों याने इंग्रजी रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. स्किनरने राहू देण्याची विनंती केली. ती फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी आपल्या चाकरीतील व्हिकर्स, टॉड व रायन या अधिकाऱ्यांचा शिरच्छेद करविला. शांततेत ज्यांची चाकरी पुरेशी होती, युद्धात त्यांचे रक्त मोजले गेले. कंपनीने आईमुळे नाकारले, पेरोंने बापामुळे.

निरुपायाने इंग्रजांकडे जातानाही स्किनरने शिंद्यांविरुद्ध लढणार नाही अशी अट घातली. कंपनीकडेही त्याची ओढाताण संपली नाही. जहागीर द्यायची वेळ आली तेव्हा तो ब्रिटिश प्रजाजन ठरला, आणि ब्रिटिश प्रजाजनास जमीन धारण करता येत नाही असा आक्षेप निघाला. दर्जाच्या वेळी तो हिंदी, जमिनीच्या वेळी इंग्रज. लोक मात्र त्याला ‘सिकंदर साहेब’ म्हणत. दिल्लीचे सेंट जेम्स चर्च त्याने बांधले, आणि १८२५ मध्ये हिंदुस्थानातील जातीजमातींवरील ‘तश्रीह-उल-अक्वाम’ हा ग्रंथ फारसीत सिद्ध केला. त्याचे घर या दोन्ही भाषांत आणि धर्मांत वावरत होते.

सर्वांनाच जावे लागले नाही. नेपल्सहून आलेल्या मायकेल फिलोजचा मिश्रवंशीय पुत्र जाँ बाप्तिस्त याच्याकडे १८०३ नंतर अनेक वर्षे शिंद्यांच्या फौजेची धुरा होती. याच घराण्यातील सर मायकेल फिलोज यांनी १८७४ मध्ये पूर्ण झालेल्या जयविलास राजवाड्याची रचना केली. फिलोजांचे पितृकुल इटालियन होते, इंग्रज नव्हे. ग्वाल्हेरात त्यांचे पाय टिकण्याचे एक कारण हेही असावे.

आता मातांकडे वळू. डी बॉईनची पत्नी दिल्लीच्या मुस्लिम घराण्यातील. ती मुलांसह त्याच्याबरोबर इंग्लंडला गेली. १७९८ मध्ये त्याने एका फ्रेंच सरदारकन्येशी विवाह केला. पुत्र चार्ल्स अलेक्झांडर पुढे पित्याच्या काउंटपदाचा वारस झाला. माता मात्र १८५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ससेक्समध्ये एकाकी राहिली. वारशात मुलाला जागा मिळाली, आईला नाही.

ही गोष्ट केवळ इतिहासजमा नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६ मधील ‘अँग्लो-इंडियन’ ही व्याख्या पुरुषवंशातील युरोपीय पूर्वजावर आधारलेली आहे. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० मध्ये या समाजाचे लोकसभा व विधानसभांतील नामनिर्देशन संपले, व्याख्या राहिली. जिच्या नावावर १७९१ चे दार बंद झाले, त्या आईचा तीत उल्लेखही नाही.

वर्गात हा विषय शिकविताना कंपूला सहिष्णुतेचा आदर्श म्हणून उभे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. विद्यार्थ्यांपुढे १७९१ आणि १८०३ ही दोन वर्षे शेजारी ठेवावीत आणि विचारावे : उपयोग आहे तोवरच मिळणाऱ्या जागेला आपलेपणा म्हणावे काय? ज्या समाजाकडे त्याच्या निष्ठेचा पुरावा वारंवार मागितला जातो, त्या समाजातील विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.