शेपटीवर नाव एकाचं, पगार दुसऱ्याचा

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं एक विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, अशी पन्नास माणसं गेली. तिकिटं कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सची, विमानाला रंगही तिचाच. वैमानिक मात्र कोल्गन एअर नावाच्या छोट्या कंपनीचे. आपल्याकडे गाडीवर नाव एसटीचं आणि चालक ठेकेदाराचा असतो, तसंच.

ही रीत तशी जुनी. १९६७ साली अ‍ॅलेगेनी एअरलाइन्सनं मेरीलँडमधल्या हॅगर्सटाउनची सेवा हेन्सन नावाच्या छोट्या कंपनीकडे सोपवली. लहान गावाचं विमान टिकलं. त्यात वावगं काही नव्हतं. १९७८ मध्ये सरकारनं भाडी आणि मार्गांवरचं नियंत्रण उठवलं, स्पर्धा जीवघेणी झाली आणि मोठ्यांचं लक्ष छोट्यांच्या कमी पगारांकडे गेलं.

मोठ्या कंपन्यांतल्या वैमानिकांनी मग करारातल्या एका कलमाला घट्ट धरलं. त्याला ‘स्कोप क्लॉज’ म्हणतात. आपण हद्दीचं कलम म्हणू. अमुक आसनांहून मोठं विमान आमच्याच यादीतला माणूस चालवील, अशी ही हद्द. छोट्यांकडे पंख्याची विमानं होती तोवर ठीक चाललं. १९९३ मध्ये कॉमेअरनं पन्नास आसनी जेट आणलं आणि भांडण पेटलं. अशी जेट कोणी चालवायची, या वादात फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप पुकारला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी रेल्वे कामगार कायद्याखाली तो काही मिनिटांतच थांबवला. हो, रेल्वेच्याच! १९२६ चा तो कायदा १९३६ पासून विमानांनाही लागू आहे.

पण कुंपणाबाहेर राहिलेल्यांचं काय? मला यातलं खरं दुखणं इथं दिसतं. कॉमेअर डेल्टाच्या मालकीची. दोन्हीकडचे वैमानिक एकाच संघटनेचे सभासद. तरी एकाची बढती दुसऱ्याच्या कलमानं अडायची. २००१ मध्ये कॉमेअरच्या वैमानिकांनी ८९ दिवस संप केला, पगारवाढ मिळवली. पुढे खर्च परवडत नाही म्हणून डेल्टानं २०१२ मध्ये ती कंपनीच बंद केली.

बफेलोच्या चौकशीत अपघाताचं कारण कॅप्टनची चूक ठरलं; वेग घटल्याचा इशारा मिळूनही त्यानं नाक खाली करण्याऐवजी वर खेचलं. पण त्याबरोबर आणखीही काही उजेडात आलं. सहवैमानिक तरुणी सिअ‍ॅटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून ड्यूटीवर आली होती. विश्रांती कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या कोचावर. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले. २०१० मध्ये कायदा झाला, २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे पंधराशे तासांचा अनुभव सक्तीचा झाला. पूर्वी अडीचशे तास पुरत. वैमानिक दुर्मिळ झाले आणि २०२२ मध्ये छोट्या कंपन्यांना पगार भराभर वाढवावे लागले.

हद्दीचं कलम मात्र सुटलेलं नाही. एम्ब्रेअरचं नवं ई-१७५ कमी इंधनात उडतं, पण कलमातल्या वजनाहून जड, म्हणून अमेरिकेत त्याला गिऱ्हाईक नाही. युनायटेडनं तर २०१९ मध्ये सत्तर आसनांच्या विमानात पन्नासच खुर्च्या ठेवल्या आणि उरलेल्या जागेत सामानाची कपाटं आणि खाऊचं टेबल मांडलं.