इक्वलायझर : तारेपासून पावलापर्यंत

२५ जानेवारी १९१५ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून सॅन फ्रान्सिस्को येथील आपले जुने सहकारी टॉमस वॉटसन यांच्याशी दूरध्वनीवरून संभाषण केले. दोघांच्या मध्ये हजारो मैलांची तांब्याची तार होती. आवाज पोचला हे नवल खरेच. परंतु तो कशा स्थितीत पोचतो, ही दूरध्वनीच्या अभियंत्यांची खरी विवंचना होती. लांब तारेतून जाताना उच्च कंपनसंख्येचे ध्वनी खर्जाकडील ध्वनींपेक्षा अधिक क्षीण होतात. बोलण्यातील घुमारा टिकतो; ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची धार मात्र जाते. पलीकडचा माणूस तोंडावर घोंगडी घेऊन बोलत आहे, असे ऐकणाऱ्यास वाटते.

यावर योजलेला उपाय मोठा मार्मिक होता. तारेने जे ध्वनी दुबळे केले त्यांना एकट्यांना बळ देण्याऐवजी, जे सबळ राहिले त्यांनाच तितके दुबळे करणारे एक मंडल तारेच्या टोकाशी जोडावयाचे आणि मग विवर्धकाने सर्वांना एकदम वर उचलावयाचे. सर्वांस समान पातळीवर आणणारा, म्हणून तो इक्वलायझर. कलागृहातून प्रक्षेपकाकडे जाणाऱ्या नभोवाणीच्या तारांवरही पुढे हाच संस्कार होऊ लागला. मूळ आवाजात आपले काही मिसळू नये, वाटेत हरवले तेवढेच परत करावे, ही त्याची प्रतिज्ञा होती.

ती फार काळ पाळली गेली नाही. १९३० नंतरच्या बोलपटांत निरनिराळ्या वेळी मुद्रित झालेले संवाद एकमेकांशी जुळविण्यासाठी इक्वलायझर वापरात आला. आणि जे जुळविता येते ते बदलताही येते, हे ध्वनिमुद्रकांच्या ध्यानी आले. १९५१ च्या सुमारास न्यू जर्सीतील पल्टेकचा इक्वलायझर निघाला, तेव्हा हे यंत्र दोष काढण्याइतकेच आवाजाला रंग देण्याकरिता वापरले जाऊ लागले होते.

इलेक्ट्रिक गिटार तोवर रुळली होती. पण तिच्यावरील स्वररंगाची कळ बहुधा एकच काम करी : उंच ध्वनी कापणे. १९४७ साली बेल प्रयोगशाळेतच, म्हणजे दूरध्वनीच्याच घरी, ट्रान्झिस्टर जन्मला आणि १९६२ मध्ये मेस्ट्रोचे फझ-टोन हे पेडल वादकाच्या पायाशी आले. मराठी संगीत रंगभूमीवरील पायपेटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वाद्याला पाय लावण्याचे अप्रूप नाही; मात्र तेथे पाय वारा भरतो, येथे तो केवळ कळ दाबतो.

इक्वलायझर पायाखाली यायला एक अडचण होती. त्यातील तारेची वेटोळी जड असत आणि आसपासच्या विजेची गुणगुण ओढून घेत. १९४८ मध्ये हॉलंडच्या बर्नार्ड टेलेजेन यांनी जायरेटरची कल्पना मांडली होती. तिच्या आधारे संधारित्र व छोटा विवर्धक यांच्याकडून वेटोळ्याचे काम करून घेता येते. मग नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी हातभरही नसलेली पेटी शक्य झाली. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील रॉचेस्टर येथील एमएक्सआरने सहा पट्ट्यांचा, तर १९८१ मध्ये जपानच्या बॉसने सात पट्ट्यांचा जीई-७ काढला. त्यात १०० हर्ट्‌झपासून दर पायरीला दुप्पट होत ६,४०० हर्ट्‌झपर्यंत सात सरकत्या कळा असून प्रत्येक कळ आपला पट्टा १५ डेसिबेल चढविते वा उतरविते. विद्युद्दाबाच्या भाषेत सुमारे साडेपाच पट.

पेटी कोठे ठेवावयाची, यावर बरेच अवलंबून असते. आवाज फाडणाऱ्या पेडलच्या आधी ठेवली, तर कोणते स्वर अधिक फाटावेत हे ती ठरविते. नंतर ठेवली, तर फाटून झालेल्या आवाजाला आकार देते. एकट्याने वाजविणाऱ्या नवशिक्याला ४०० ते ८०० हर्ट्‌झमधला भाग खाली ओढण्याचा मोह होतो, कारण घरी तो आवाज भारदस्त वाटतो. वाद्यवृंदात मात्र खालचा पट्टा बास आणि ढोल व्यापतात, वरचा झांजा. आणि गिटारीची जी जागा होती तीच त्याने स्वहस्ते रिकामी केलेली असते. अनुभवी वादक एकलवादनाच्या वेळी नेमका तोच भाग उचलून पुढे येतो.

लाकडी गिटारीला ध्वनिग्राहक जोडून ती सभागृहात वाजविली, की एखाद्या कंपनसंख्येला ध्वनिक्षेपक एकाएकी घुमू लागतो. वादक वाकतो, अंदाजाने एक कळ खाली ओढतो; घुमणे थांबते आणि गिटार पुन्हा लाकडाची वाटू लागते.