बाबांचा २१४४

गेल्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी १०० मेगाबिटचं फायबर आलं. बाबा म्हणाले, "तो जुना कॉम्प्युटरही जोडून दे." जुना म्हणजे २००० साली घेतलेला, विंडोज ९८वर चालणारा, पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा. जुन्या बाजारातून नेटवर्क कार्ड आणलं, राउटरपासून वायर ओढली आणि जोडला. आजच्या बहुतेक वेबसाइट त्याला उघडत नाहीत, म्हणून अमेरिकेतल्या एका जुन्या एफटीपी सर्व्हरवरून १० एमबीची फाइल उतरवायला लावली. २० मिनिटं लागली. माझ्या लॅपटॉपला त्याच राउटरवर काही सेकंद पुरले.

"म्हातारा झालाय तो," मी म्हणाले.

"त्याचा दोष नसेल. मीच काहीतरी करून ठेवलंय. माझी वही बघ."

वहीत २००१ सालच्या पानावर दोन आकडे होते : एमटीयू ५७६, रिसिव्ह विंडो २१४४. रजिस्ट्री उघडली, तर तिथेही तेच. मला हसू आलं. इतके लहान आकडे कोण ठेवतं? मग कागद-पेन घेऊन बसले आणि हसू थांबलं.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायलअपचा वेग ९.६ किलोबिट होता. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं. आमच्याकडे कनेक्शन आलं ते त्यानंतर. मोडेम ५६ किलोबिटचा, पण आमच्या खरखरत्या लाइनवर ३३.६च्या वर क्वचित जायचा. इंटरनेटचे तास वेगळे, फोनचं बिल वेगळं.

एमटीयू म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट भरायचे तो आकडा. १५०० ही इथरनेटची, म्हणजे ऑफिसातल्या वायरची सवय. विंडोज ९५ने तीच डायलअपलाही लावली होती. ५७६ हा आकडा १९८१च्या आयपीच्या नियमांतला : एवढं पाकीट प्रत्येक यंत्राने स्वीकारलंच पाहिजे. ३३.६च्या लाइनवर १५०० बाइटचं पाकीट यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, ५७६चं त्याच्या निम्म्याहून कमी वेळात येतं. लाइन खरखरली, तर वाया जातं तेही लहानच.

आता २१४४. ५७६मधून पत्त्याबित्त्याचे ४० बाइट वजा केले की ५३६ उरतात. त्याची चौपट २१४४. विंडो म्हणजे पोच मिळेपर्यंत समोरच्याने जास्तीत जास्त किती बाइट पाठवायचे ती मर्यादा. अशी मर्यादा का हवी, हे जगाला १९८६मध्ये महागात पडून कळलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचं अंतर, पण तिथला वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर कोसळला. पाकिटं तुंबत होती, पोच येत नव्हती, म्हणून यंत्रं तीच पाकिटं पुन्हा पाठवत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये पाठवणाऱ्याला आवर घालायची रीत मांडली. घेणाऱ्याच्या हातातला लगाम म्हणजे ही विंडो.

३३.६च्या लाइनवर २१४४ बाइट म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदाचा माल. पोच तेवढ्यात पोहोचायची. म्हणजे लाइन रिकामीही राहत नव्हती आणि तुंबतही नव्हती. आमच्या घरासाठी तो आकडा बरोबर होता.

२००४च्या धोरणाने २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड असं ठरवलं, पण त्याआधीच आमचं डायलअप बंद होऊन डब्यावर कापड पडलं होतं. आकडे बदलायची वेळच आली नाही. रस्ता रुंद झाला तरी अमेरिका तितकीच लांब राहिली. तिकडे जाऊन यायला पाव सेकंद, म्हणजे सेकंदाला चार फेऱ्या, दर फेरीला २१४४ बाइट. सेकंदाला ८५७६. या हिशेबाने १० एमबीला २० मिनिटं. फायबरवर बसून तो डबा प्रामाणिकपणे डायलअपच चालवत होता.

एमटीयू १४९२ केला, कारण फायबरच्या लॉगिनसाठी प्रत्येक पाकिटात ८ बाइट जातात. विंडो ६५,५३५ केली. मूळ टीसीपीत त्या आकड्याला १६ बिटांचीच जागा आहे, तिच्यात मावणारा हा सगळ्यात मोठा. तीच फाइल ४० सेकंदांत उतरली.

"पण तुम्हाला २१४४ कसा सापडला?" मी विचारलं.

"घड्याळ लावून. रात्री तू झोपलीस की एक आकडा घालायचा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा, फोन लावायचा, तीच फाइल उतरवायची. पंधरा-वीस रात्री लागल्या. त्या महिन्याच्या बिलावरून तुझी आई बोलली होती."

मी ज्याला गुणाकाराने बरोबर ठरवलं, ते त्यांनी झोप आणि फोनबिल घालून शोधलं होतं. ऑफिसात जुन्या कोडमधले असे आकडे मी बिनदिक्कत बदलत आले आहे, ते तिथे कोणी आणि का ठेवले हे न विचारता. वहीतही आकडा होता, कारण नव्हतं. मी २१४४ न खोडता त्याच्यापुढे लिहिलं : "३३.६ची लाइन, पोच अर्ध्या सेकंदात." खाली नवा आकडा लिहिला आणि त्याचंही कारण.