धर्मानंद कोसंबी : आदर्शातून उभे राहिलेले धम्मकार्य

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) मूळचे गोव्यातील साखवाळचे. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचे चरित्र वाचले आणि बुद्ध हेच त्यांचे आदर्श झाले. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ अशी पायपीट करून ते १९०२ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले, तिथेच श्रामणेर झाले. घरी मागे राहिल्या पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी. त्यांनी काय सोसले, हे आपल्या प्रेरणादायी भाषणांत येत नाही. यायला हवे, असे आम्हाला वाटते.

पुढे कलकत्त्यात दरमहा अडीचशे रुपयांच्या नोकरीचा पर्याय समोर असताना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी पन्नास रुपये देऊ केले. कोसंबींनी पन्नास घेतले. बुद्धविचार मराठी माणसाला मराठीत मिळावा, एवढाच त्यांचा ध्यास होता. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार चालवला.

जयंतीच्या फलकांवर ते फारसे दिसत नाहीत. धम्मकार्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांना मात्र आम्ही आधी त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्रच वाचायला देतो.